नवा गेम येऊन राहिला

२८ ऑक्टोबर १९८८. दुकान उघडायच्या आधी मी व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या पेटीचा दांडा खोलून बसले होते. दांडा डावीकडे जात नव्हता. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, त्या एकमेकींना टेकल्या की पडद्यावरचा माणूस हलतो. पोरं भजी खाऊन येतात, हात कधी पँटला पुसतात, कधी नाही, आणि ते तेल दांड्यावरून आत उतरून पट्ट्यांवर बसतं. बारीक पॉलिशपेपरनं घासायचं, पट्टी नखानं किंचित वाकवायची, झाकण लावायचं. यात विद्या काही नाही. कंटाळा मात्र भरपूर आहे.

त्या दिवशी मला ते घासतही बसवत नव्हतं. दिवाळी तोंडावर आली होती. मी सारखी उठून दारात जात होते. बाहेर पाटीखाली पोरं उभी होती. पाटीवर मी पेंटरकडून लाल अक्षरांत लिहून घेतलं होतं, ‘नवा गेम येऊन राहिला’. खाली संत्र्याचं झाड आणि एक माकड. माकड पेंटरच्या मनचं होतं, कारण गेम त्यानंही पाहिला नव्हता आणि मीही.

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते मी काढलं असं म्हणता येणार नाही. माझा भाऊ टीव्ही दुरुस्त करायचा. त्यानं नागपूरहून गेमच्या पेट्या आणल्या, आणि लगेच त्याला भिलाईला नोकरी लागली. ‘ताई, विकून टाक,’ म्हणाला. विकत घेणारं कुणी भेटेना, म्हणून चालवायला घेतल्या. आमचे हे तिगावच्या शाळेत मास्तर. रोज पॅसेंजरनं जायचे-यायचे. गावात बोलायचे, ‘मास्तर तिकडे पोट्टे घडवून राहिले आणि मास्तरीण इकडे बिघडवून राहिली.’ मी म्हणायचे, ‘मग दोघांचंही काम संपणार नाही.’

ज्यांनी हा धंदा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटी म्हणजे प्लायवूडचं, छातीइतकं उंच कपाट. आत टीव्हीची काच आणि खाली जेवणाच्या ताटाएवढा हिरवा बोर्ड. गेम म्हणजे तो बोर्ड. बोर्ड बदलला की तीच पेटी दुसरा गेम होते. पोरगं फटीतून टोकन टाकतं, त्याला तीन चान्स मिळतात, तिन्ही मेले की खेळ संपला. पोरं किती लवकर मरतात यावर माझं पोट होतं. असं लिहिलेलं बरं दिसत नाही, पण आहे ते आहे.

सगळीच गिऱ्हाइकं लवकर मरत नसत. रेल्वेच्या टपालात चिठ्ठ्या वेगळ्या करणारे एक गृहस्थ ड्यूटी सुटली की यायचे. विमानाचा गेम खेळायचे. पण गोळी मारायचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. नुसतं विमान इकडून तिकडे काढायचे. अख्ख्या पांढुर्ण्यात इतका वेळ कुणी टिकत नसे, आणि मागे उभी असलेली पोरं हैराण व्हायची. एकदा मी विचारलं, ‘भाऊजी, गोळी काहून नाही मारत?’ म्हणाले, ‘मारली की ते लोक अजून येतात, ताई. गुपचूप बाजूनं निघायचं.’ सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माणसाचा तो खेळ होता. मी त्यांना कधी उठवलं नाही, पण त्या पेटीकडे पाहून माझा जीव वरखाली व्हायचा.

दुसरा त्रास विजेचा. कापसाच्या जिनिंगचे कारखाने सुरू झाले की गावातलं व्होल्टेज पडायचं आणि पडद्यावरचं चित्र आकसून पोस्टकार्डाएवढं व्हायचं. पोरं ओरडायची, ‘काकू, तुमच्या लाइटनं मारलं, चान्स वापस द्या.’ मी नियम केला होता. वरचा बल्बही मंद झाला असेल तरच चान्स परत. मग पोरं पडद्याकडे कमी आणि बल्बकडे जास्त पाहून खेळायला लागली.

पण खरी अडचण वेगळीच होती. गेम जुना होतो. दुधासारखा नासत नाही, पण पोरांना पाठ होतो. कोणत्या कोपऱ्यातून शत्रू निघणार हे पाठ झालं की एका टोकनवर तासभर खेळतात, आणि मग त्यांनाच कंटाळा येतो आणि ती यायची बंद होतात. म्हणून नवा बोर्ड लागतो. हे गेम बनवणाऱ्या कंपन्या सगळ्या जपानात, थोड्या अमेरिकेत. पेटी चालू केली की कंपनीचं नाव पडद्यावर येतं. माझ्याकडच्या पोरांना आपल्या कलेक्टरचं नाव माहीत नव्हतं, पण जपानातली कोणती कंपनी चांगली यावरून त्यांची माझ्या दारात गचांडी धरण्यापर्यंत भांडणं व्हायची. दिल्लीचा व्यापारी गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत चित्रं पाठवायचा: हा गेम लवकरच येत आहे. तो जपानात कधीच येऊन गेलेला असे. तिथून दिल्लीला त्याची नक्कल व्हायची, दिल्लीच्या नकलेची नागपुरात नक्कल, आणि पांढुर्ण्याला येईपर्यंत आकाश हिरवं झालेलं असे.

तरी मी ते कागद काचेवर चिकटवायचे. येणारा गेम आलेल्या गेमपेक्षा नेहमी चांगला असतो. एक पोरगं सांगायचं, यात हत्ती आहे. दुसरं म्हणायचं, दोन आहेत, मामानं मुंबईत पाहिले. कागद पाहायला आलेली पोरं जुन्याच पेटीवर खेळून जायची. अर्धा धंदा त्या कागदावर चालायचा. उरलेला अर्धा मात्र गेम खरंच आणल्याशिवाय चालत नाही.

नागपुरात ज्यांच्याकडून मी बोर्ड घ्यायचे ते परांजपे मूळचे पुण्याचे. इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर. बायको नागपुरात बँकेत, म्हणून हे इकडे आलेले. पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांत त्यांचं वर्कशॉप. खालून गिरणीचा धक्का बसायचा आणि वर सोल्डरिंगचा धूर. जपानात एका गेमला म्हणे वेगवेगळी माणसं लागतात, चित्रं काढणारी वेगळी, आवाज करणारी वेगळी. इथे सगळं परांजपेच. नकला विकून त्यांचं मन भरत नव्हतं. ‘वहिनी, एक गेम आपला करायचा आहे,’ असं दर खेपेला म्हणायचे.

एकदा त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे लोक दिवसभर करतात तरी काय?’

‘संत्र्याचे बगीचे आहेत. राखण करतात.’

‘कुणापासून?’

‘माकडांपासून. माकडं या कोपऱ्यातून येतात, राखणदार गोफण मारतो. ती पळतात आणि त्या कोपऱ्यातून येतात. तो तिकडे धावतो. अंधार पडेपर्यंत हेच.’

परांजपेंनी हातातलं सोल्डरिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘वहिनी, हा गेमच आहे.’

मग त्यांनी ग्राफच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं एकेक चौकोन भरत माकड काढलं, झाड काढलं, राखणदार काढला. एका परदेशी गेमच्या बोर्डातल्या चिपा काढून जांभळ्या दिव्याखाली ठेवल्या. त्या दिव्यानं चिपेतलं जुनं पुसलं जातं. मग त्यात ही चित्रं भरली. म्हणजे चाल परदेशी आणि कपडे आपले. तसल्या चिपा सहज मिळत नव्हत्या, म्हणून दिवाळीपर्यंत एकच बोर्ड होणार होता. ‘कल्पना तुमची, पहिला बोर्ड तुमचा,’ असं ते स्वतःहून म्हणाले.

मला त्या बोर्डाची फार गरज होती. पावसाळ्यापासून दुकान ओस पडलं होतं. सौसरला जाड मिशांचे देवराव म्हणून एक होते, बसस्टँडजवळ त्यांचं चहाचं हॉटेल होतं. त्यांनी हॉटेलातच पेट्या लावल्या होत्या, आणि माझी काही पोरं बसनं सौसरला जाऊन खेळून यायला लागली होती. आमच्या दुकानाचे मालक शेठजी. ते एक दिवस दारात उभे राहून रिकाम्या पेट्यांकडे बघत होते.

‘बाई, कॅसेटवाला जागा मांगून राहिला.’

‘मग?’

‘दिवाळीत पोट्टे आले तर तुम्ही राहा. नाही आले तर मी त्याले देऊन टाकतो. उगा रिकामं दुकान बरं दिसत नाही.’

त्याच दिवशी मी पाटी रंगवायला दिली. रिक्षावर भोंगा बांधून सावरगावापर्यंत फिरवला: आपल्या संत्र्याच्या बगीच्याचा गेम, पूर्ण हिंदुस्थानात पहिल्यांदा. गेम हातात नसताना भोंगा फिरवणं शहाणपणाचं नाही, हे आमचे हे म्हणाले होते. पण गेम हातात आल्यावर भोंगा फिरवून पोरं जमेपर्यंत दिवाळी सरली असती.

तर त्या अठ्ठावीस तारखेला माझा दीर वसंता सकाळच्या पॅसेंजरनं बोर्ड आणायला नागपूरला निघाला. दांडा बसवून मी शेजारच्या मेडिकलमध्ये गेले आणि ट्रंक कॉल लावला. लाइनवर पाऊस पडावा तसा आवाज.

‘वहिनी, बोर्ड तयार आहे,’ परांजपे म्हणाले. ‘तुमचा माणूस कुठे आहे?’

‘येऊन राहिला.’

‘येऊन राहिलाय ना? बरं. मग देऊन टाकतो.’

‘हो, देऊन टाका.’

मी फोन ठेवला आणि दारातल्या पोरांना सांगितलं, उद्या सकाळी या.

इकडे मालगाडीचं काही झालं म्हणून पॅसेंजर नरखेडच्या पुढे उभी करून ठेवली होती. वसंता नागपूरला पोचला तेव्हा दुपार होऊन गेली होती. परत आला तो रिकाम्या हातानं. पिशवीची घडी काखेत तशीच.

‘वहिनी, बोर्ड देऊन झाला म्हणतात साहेब.’

‘कोणाला?’

‘आपल्याच माणसाले.’

‘आपला माणूस तू आहेस ना?’

‘हाव,’ वसंता म्हणाला. ‘मले बी तसंच वाटत होतं.’

मेडिकलवाला दुकान बंद करत होता. त्याला थांबवून पुन्हा फोन लावला. परांजपे शांतपणे म्हणाले, ‘तुम्हीच सांगितलंत, तो येऊन राहिलाय. मला वाटलं, काल येऊन इथे मुक्कामाला राहिलाय. माझ्याकडे बाकावर एक जण बसले होते, तुमच्यासारखंच बोलत होते. मी विचारलं, कालपासून येऊन राहिलात ते तुम्हीच ना? हो म्हणाले.’

‘साहेब, येऊन राहिला म्हणजे येतो आहे.’

मग ते म्हणाले, ‘म्हणजे आलेला नाही?’

‘आलेला असता तर आला म्हटलं असतं.’

‘मग येतो आहे असंच म्हणायचं ना, वहिनी.’

‘आमच्याकडे असं कुणी म्हणत नाही.’

त्यांना फार वाईट वाटलं. परत परत माफी मागत होते. त्या माफीचं मी काय करणार होते? तो माणूस कसा दिसत होता ते विचारलं. जाड मिशा, खिशाला दोन पेनं आणि पानाचा डबा. देवराव.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली. गेम नाही म्हटल्यावर त्यांनी आरडाओरड केली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती एकमेकांकडे पाहून हसली आणि निघून गेली. मी दुकानाला कुलूप लावलं आणि सौसरची बस पकडली. बसमध्येही मला बसवेना. सीट होती तरी दारापाशी दांडी धरून उभी राहिले.

देवरावांच्या हॉटेलाबाहेर सायकली एकावर एक पडल्या होत्या. आत घुसायला जागा नाही.

‘या ताई,’ देवराव गल्ल्यावरून म्हणाले. ‘चहा सांगू?’

‘चहा नको. बोर्ड द्या.’

‘बोर्ड त पोट्ट्याईच्या हातात हाये. त्याईच्या हातून काढून दाखवा. मी नाही म्हणत नाही.’

‘तो माझा गेम आहे हे तुम्हाला माहीत होतं.’

‘माहीत होतं ना. तुम्हीच त साऱ्या मुलखाले भोंग्यानं सांगतलं.’ ते पान लावायला लागले. ‘मी तिथं बटनं आणाले गेलो होतो. साहेबानं विचारलं, कालपासून येऊन राहिलात ते तुम्हीच ना? मी कालपासून साळ्याच्या घरी राहूनच त राहिलो होतो. हाव म्हटलं. त्यानं पिशवी हातात देली. आता तुम्ही सांगा, मी खोटं काय बोललो?’

‘पिशवीत काय आहे ते नाही विचारलं?’

‘विचारलं. संत्र्याचा गेम म्हणे.’

‘मग?’

‘मग काय. हातात आलेली चीज वापस देऊन, हे माहं नाही, हे पांढुर्ण्याच्या ताईचं हाये, असं म्हणणारा माणूस धंद्यात पाह्यला का तुम्ही?’

मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी त्या दिवशी ठरवलं नाही. अजूनही ठरवलेलं नाही.

‘दिवाळी होऊ द्या,’ ते म्हणाले. ‘मग घेऊन जा. मी स्वतः आणून देतो.’

दिवाळीनंतर तो बोर्ड म्हणजे पिळून टाकलेलं संत्र. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी गर्दीत शिरून पेटीपर्यंत गेले. निदान पाहावं तरी.

परांजपेंनी माकडं लाल तोंडाची काढली होती. संत्री आंब्यासारखी लांब देठाला लोंबत होती. राखणदाराच्या डोक्यावर पोलिसाची टोपी होती. पोरं टीका करत होती. ‘हे माकड कोठचं हाये बे? आपलं त काळ्या तोंडाचं असते.’ ‘नागपूरच्या बगीच्यातलं असन.’ पण हात थांबत नव्हते. माकड या कोपऱ्यातून आलं, गोफण फिरली, माकड पळालं आणि त्या कोपऱ्यातून आलं. मी सांगितलं होतं अगदी तसं. राखणदार तिकडे धावला. कुणीतरी ओरडलं, ‘पलीकडून, पलीकडून,’ आणि माझाही हात पुढे झाला. तो मी मागे घेतला. माझं काही तिथे ठेवलेलं नव्हतं. तो गेम पांढुर्ण्यात कधीच लागला नाही. परांजपेंना दुसऱ्या बोर्डासाठी चिपा मिळाल्या नाहीत, आणि पुढे ते पुण्याला परत गेले. माझ्या धंद्यातल्या एवढ्या एकाच गोष्टीची मला हळहळ आहे. तो गेम माझ्या पेटीत एकदा तरी चालायला हवा होता.

मी मागे सरकले तर कोपऱ्यात देवरावांची सगळ्यात जुनी पेटी होती. विमानाचाच गेम, माझ्याकडे होता तोच. त्यावर पोरं दप्तरं ठेवत होती. एक शेतकरी तिच्यापुढे उभा होता. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा. लोधीखेड्याकडून संत्री घेऊन आलेला. मला हॉटेलवाली समजून त्यानं विचारलं, ‘बाई, हाच का तो नवा गेम?’

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तो ज्या नजरेनं त्या फिक्या पडद्याकडे पाहत होता, ती नजर मी माझ्या दुकानात कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

‘हाच,’ मी म्हटलं. ‘हे बटण दाबायचं. हा दांडा हलवायचा.’

तो भराभर मेला. मेला की खदखदून हसायचा. ‘गंमत हाये, बाई. आमच्या इकडं नाही असं काही.’ मग बाहेर जाऊन गाडीवरच्या आपल्या माणसांना बोलावून आणलं आणि त्यांना दांडा कसा धरायचा ते तो शिकवायला लागला. दप्तरं खाली गेली. देवराव गल्ल्यावरून पाहत होते, पण त्यांचं लक्ष नव्या पेटीच्या गर्दीकडे होतं.

मी त्यांचा चहा न घेताच बाहेर पडले.

घरी आले तेव्हा हे वह्या तपासत होते. ‘झालं का समाधान?’ म्हणाले. ‘आता बंद कर. लोक हसून राहिले.’

‘बंदच करते,’ मी म्हटलं.

त्यांनी वहीतून मान वर केली. मी इतक्या लवकर ऐकेन असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वसंताला मात्र पाने-पेचकस एका डब्यात भरायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेठजींकडे जाऊन किल्ली त्यांच्या हातात दिली. ‘कॅसेटवाल्याला आजच द्या,’ म्हटलं. ते गोंधळले. ‘असं कसं बाई, दिवाळीपर्यंत थांबा ना,’ म्हणाले. कॅसेटवाल्याचं अजून पक्कं नसावं. मी थांबले नाही. मंडीत संत्री उतरवून त्या शेतकऱ्याच्या गावाकडे, लोधीखेड्याला, रिकामी परत जाणारी एक मेटाडोर उभी होती. तिच्यात वसंता आणि दोन हमालांनी पेट्या आडव्या न करता, उभ्याच चढवल्या, काचेच्या बाजूला गोणपाट बांधून. व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर मी कुणाच्या हातात दिला नाही. तो मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसले.

‘वहिनी,’ मागून वसंता म्हणाला, ‘तिथं जागा कोठं पाह्यली?’

‘नाही पाहिली.’

‘मग उतरवाच्या कोठं?’

‘विजेचा खांब दिसेल तिथं,’ मी म्हटलं, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.